चढणीला दमणारी गाडी

सकाळी सहाला अंगणातून गाडी काढली तेव्हा ती गोड चालत होती. हे आधीच सांगतो. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल, म्हाताऱ्याने मोडकी गाडी रस्त्यावर आणली. मोडकी नव्हती. चावी फिरवली की पहिल्या हाकेला ओ देत होती. उभी असताना आवाज एकसारखा. सपाटीला काही तक्रार नाही. फक्त चढण लागली आणि पाय दाबला, म्हणजे जेव्हा तिने जोर लावायचा, नेमकी तेव्हा ती दमायची. पाय खाली जाईल तितकी गाडी ढिली पडायची आणि मागून काळा धूर.

आपल्या वाडीचे मुंबईकर जत्रेचा अंक काढतात. त्यांनी मला एखाद्या प्रवासाचं लिहून द्या म्हणून सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलो, पण तीस वर्षं टॅक्सी चालवली. गोवा पाहिला, बेळगाव पाहिलं, कोल्हापूर तर कितीदा. त्यातलं काहीही लिहिता आलं असतं. मी लिहितो ते वेंगुर्ल्यापासून कुणकेश्वरपर्यंत आणि परत, एवढंच. माझं एक बोलणं पुष्कळांनी ऐकलं होतं. त्यांनी पुढचंही ऐकावं म्हणून.

मी आकाला आणायला निघालो होतो. आका म्हणजे माझी थोरली बहीण. तिला कुणकेश्वरला दिली. आता ऐंशीच्या घरात आहे आणि तिला काचबिंदू झाला आहे. मोतीबिंदू काढता येतो, हा काढता येत नाही. गेली ती नजर गेली, असेल ती सांभाळायची. ती म्हणते, दाराच्या भोकातून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. दसऱ्याला फोनवर म्हणाली, "पांडग्या, औंदा माका देवीक बघूक व्हया. फुडल्या वर्सा माका देवी आणि देवळाचो खांब येकच दिसतलो."

आपल्या देवळाचा नेम सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मुंबईत जन्मलेल्या पोरांसाठी सांगतो. जत्रेला माहेरवाशिणी देवीची ओटी भरतात. पालखी सूर्य बुडताना देवळाबाहेर पडते. त्याआधी भरली ती ओटी, नंतर आलेलीला पुढच्या वर्षी ये म्हणतात. आणि माहेरवाशीण आपण होऊन येत नाही. माहेरचा मुराळी (न्यायला आलेला माणूस) यावा लागतो. आकाचा मुलगा तिला त्याच्या नव्या गाडीने आणून सोडायला तयार होता. ती म्हणाली, सासरच्या गाडीतून माहेरच्या देवीपुढे उतरायचं? आणि आमच्या घरात मुराळी व्हायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

म्हणून जत्रेच्या आदल्या दिवशी निघालो.

आता इनास मेस्त्रीचं सांगायला हवं. मालवणच्या पुढे कोळंबला त्याचं घर, घरापुढे फणस, फणसाखाली गॅरेज. माझी गाडी तीस वर्षं त्याच्याच हातात. चैत्रात त्याने इंजीन खोलून सगळं तपासून दिलं. पावसाचे चार महिने गाडी माझ्या खोपीत, झावळांखाली उभी होती. चतुर्थीनंतर बाहेर काढली तर उंदराने आतला एक रबरी पाइप कुरतडला होता. तो मी घरच्या घरी बदलला, क्लिपा आवळल्या. मेस्त्रीची गरज लागली नाही. पुढच्या पंधरा दिवसांत गाडी दमायला लागली. मी विचार केला, ज्याने इंजीन खोललं त्याचंच काहीतरी राहिलं. वेंगुर्ल्याच्या स्टँडसमोर चहाच्या हॉटेलात बसलो होतो, ओळखीची सात-आठ माणसं होती. तिथून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "इनास, तुझे हात म्हातारे झाले. माझ्या इंजिनाची वाट लावलंस."

तो म्हणाला, "गाडी घेवन ये. बघतंय."

मी फोन ठेवायच्या आधीच माणसं हसली. ते हसणं मला तेव्हा बरं वाटलं.

म्हापण सोडलं आणि ऊन वर आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काजू, मधे मधे भातं कापून झालेले मळे आणि त्यात गुरं सोडलेली. पारुळ्याच्या बाजूला सडा (जांभ्या दगडाचं उघडं माळरान) सुरू होतो. चिऱ्याच्या खाणी आहेत. चिरे भरलेला ट्रक पुढे असला की तांबडी धूळ अंगावर घेतच जावं लागतं. त्या चढणीला मी तिसरा गिअर टाकून पाय दाबला आणि गाडीने मान टाकली. दुसरा टाकला. रडत रडत थोडी वर गेली. आरशात काळा धूर. कडेला घेतली, चाकाला दगड लावला.

मला वाटलं डिझेलात कचरा आहे. डिझेलचा फिल्टर मी जोडीला ठेवतोच. बॉनेट उघडलं, जुना काढला, नवा बसवला, पंप मारून हवा काढली. इतक्यात गवताचा भारा घेऊन एक बाई चढण चढत आली. भारा कठड्यावर टेकवला आणि बसली.

"काय झाला, बाबानु?"

"डिझेलात कचरो."

"असो?" ती पाय चोळत म्हणाली. "मगे माझ्या पायांत पण कचरोच आसतलो. ह्या चढणीक ते पण ऱ्हवतत. वायच बसलंय काय परत चलतत."

मी हसलो नाही. काम करणाऱ्या माणसाशी बाईने थट्टा करावी हे मला आवडत नाही. ती उठली, भारा डोक्यावर घेतला आणि गेली. मग मी गाडी सुरू केली. चढण एका दमात गेली. बाईला मागे टाकताना मी हॉर्न वाजवला. कचराच होता हे तिला कळावं म्हणून.

कर्लीच्या खाडीवरचा पूल येईपर्यंत मी खूश होतो. ओहोटी लागलेली, चिखलावर बगळे, कांदळाची मुळं उघडी पडलेली. दोन माणसं होडी उलथी घालून डांबर फासत होती. पूल ओलांडून चौक्याकडे चढायला लागलो आणि परत तेच. पाय खाली, जोर नाही, काळा धूर.

चौक्याच्या अलीकडे एक नवीन गॅरेज झालं आहे. मेकॅनिक शिकलेला, कुडाळला नोकरी करून आलेला. गाडीला जोडून बिघाड दाखवणारं टॅबसारखं यंत्र घेऊन आला, स्टिअरिंगखाली वाकून बघितलं आणि हसला.

"काका, ह्या गाडीक सॉकेटच नाय. ही आमच्याशी बोलाची नाय."

"मगे तू तिच्याशी बोल," मी म्हणालो.

पण माणूस कामाचा होता, खोटं सांगत नाही. आधी त्याने हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायला सांगितला. इंजीन लगेच बंद पडलं. म्हणाला, क्लच घसरत नाही. मग चाकांना एकेक करून हात लावला. ब्रेक धरत असता तर एखादं चाक तापलं असतं, तसं नव्हतं. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, वाफ मोकळी येत होती. मग हवेचा फिल्टर काढला. त्यातून थोडी तांबडी माती पडली. त्याने मशीनने फुंकून साफ केला, परत बसवला. चहा मागवला. सगळ्याला तासभर गेला.

गाडी सुरू केली, चौक्याचा चढ चढून परत आलो. पाखरासारखी.

"झाला," मी म्हणालो.

"काका, वायच थांबा. परत तापवन बघूया. फिल्टर इतको घाण नव्हतो," तो म्हणाला.

"तीस वर्सां गाडी चलवतंय मी."

मी निघालो. आज लिहिताना वाटतं, अर्धा तास थांबलो असतो तर पुढचा दिवस वाचला असता. पण त्याने माझ्यापुढे शहाणपण सांगितलं आणि मला थांबणं जमलं नाही.

मालवणात बाजार भरला होता. आकासाठी तिथला खडखड्या लाडू (शेवेचा गुळातला कडक लाडू) घेतला. तिला आता चावत नाही, पण ती गूळ चोखते. मग कोळंबचा पूल. पूल उतरल्यावर फणस लांबूनच दिसतो. इनास फणसाखाली बाकावर बसलेला होता. माझी गाडी तो आवाजावरून ओळखतो. मान वर करून त्याने हात केला. मी समोर बघितलं. हॉर्नही दिला नाही. आरशात बघितलं तर हात अजून तसाच अर्धा वर होता.

आचऱ्यापर्यंत गाडी बरी चालली. पुढच्या चढणींना मी पायच दाबला नाही, दुसऱ्या गिअरमध्ये बैलासारखी नेली. मिठबाव सोडलं की उजवीकडे आंब्याच्या बागा, डावीकडे उतारावर मधेच समुद्र दिसतो आणि लपतो. कुणकेश्वरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. देऊळ तिथे अगदी समुद्राच्या अंगावर आहे. लाट भिंतीखाली येऊन फुटते आणि घंटा वाजली तर दोन्ही आवाज एकदम कानात येतात. वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या. आकाचं घर देवळाच्या मागे, माडात.

ती खळ्यात (अंगणात) उभी होती. मी उतरायच्या आधीच म्हणाली, "पांडग्या, तुझी गाडी दमता रे."

"तुका काय कळता गाडीतला?"

"डोळे गेले, कान खंय गेले?"

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला अगदी समोर उभं राहावं लागलं, तिच्या नजरेच्या भोकात. दाढी वाढली आहे म्हणाली.

रात्री सुनेने उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याची आमटी वाढली. आका स्वतः पेज आणि लोणचं घेऊन बसली. ओटी भरेपर्यंत ती मासळी खात नाही. जेवताना मी सगळं सांगितलं: उंदीर, पाइप, डिझेल, चौक्याचा मेकॅनिक. इनासला काय बोललो तेही सांगितलं. मला वाटलं ती हसेल, हॉटेलातल्या माणसांसारखी.

तिने पेजेची वाटी खाली ठेवली. "त्याचे हात म्हातारे झाले म्हटलंस?"

"व्हय."

"आणि तो काय म्हणालो?"

"गाडी घेवन ये म्हणालो."

"आणि तू त्याच्या दारावरसून इलंस."

मी भात कालवत राहिलो. ती सुनेकडे वळून म्हणाली, "ह्यो ल्हान होतो तेव्हा बावीत पडलो. बापाशीन दोर सोडलो तर म्हणता, नको, माझो मी चढतंय. पाणी नाकात गेला तेव्हा दोर धरलो." सून हसली. आका हसली नाही.

जत्रेच्या दिवशी आका पहाटेपासून तयार होती. हिरवं लुगडं, नाकात नथ. ओटीचं सगळं तिने स्वतःच्या हाताने बांधलं: खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. मी मात्र सकाळभर गाडीत डोकं घालून बसलो. डिझेलच्या नळ्या सोडल्या, परत आवळल्या. खळ्यात गाडी उत्तम वाजत होती. निघायला साडेदहा वाजले. आका एवढंच म्हणाली, "वेळ आसा मा रे?" मी म्हणालो, पुष्कळ आहे.

ऊन कडक होतं. मिठबावपर्यंत ठीक. आचऱ्याच्या खाडीवरून वर येताना चढणीला मी पाय दाबला आणि गाडी मेली. बंद पडली नाही, नुसती मेली. मागे ट्रक होता. तो हॉर्न मारत राहिला. मी पाय पार खालपर्यंत दाबला तरी गाडी पुढे जाईना. पहिला गिअर टाकेपर्यंत ती हातभर मागे सरली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि आमच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. आकाने दोन्ही हातांनी ओटीचं गाठोडं पोटाशी धरलं होतं. तिला ट्रक दिसला नसणार. आवाज तेवढा ऐकू आला, आणि मागे सरल्याचं अंगाला कळलं.

कडेला घेतली. तीस वर्षांत माझ्या गाडीत बसलेला माणूस असा घाबरला नव्हता.

मी बॉनेटही उघडलं नाही. उघडून काय बघणार? मला माहीत होतं ते सगळं करून झालं होतं.

"मुलाक फोन करूया?" मी म्हणालो. "तो येतलो त्याची गाडी घेवन."

"माका मुराळी व्हयो," आका म्हणाली. "इनासाकडे ने."

कोळंबपर्यंत कसे आलो ते सांगण्यासारखं नाही. चढण आली की थांबायचं, गाडी विसावली की थोडं जायचं. इनासच्या फणसाखाली गाडी लावली तेव्हा दीड वाजून गेला होता.

तो बाकावरच होता. उठला. आधी आकाच्या बाजूला गेला. "गो बाय, तू? किती वर्सांनी!" तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. मग माझ्याकडे बघितलं.

"काय रे पांडग्या? काल डोळ्यांत काय गेला होता?"

तेव्हा मला त्याचे हात दिसले. पाण्याचा तांब्या धरला होता तो हलत होता. चैत्रात असं नव्हतं, किंवा असेल आणि मी बघितलं नसेल. दोन्ही हात, सारखे, पानं हलावीत तसे.

"डॉक्टर म्हणतत, हळूहळू वाढतला," तो म्हणाला. "तू फोनार सांगलंस ता खराच होता. तुका कसा कळला म्हणान मीच इचार करी होतंय."

मला कळलं नव्हतं. मी नुसतं बोललो होतो.

"आता हात तुझे, डोक्या माझा," इनास म्हणाला. "बॉनेट काढ. धूर काळो काय पांढरो?"

"काळो."

"मगे डिझेल कमी कसा आसात? डिझेल पोचता, हवा पोचणा नाय. चुलीकडे कधी बसलंस नाय रे? लाकडा भरून घातली आणि वारो नाय, तर चूल काय करता?"

"धूर," आका खुर्चीवरून म्हणाली.

"बघ, बायक कळला." मग तो मला एकेक विचारायला लागला. पारुळ्याला काय केलं, किती वेळ लागला? चौक्याला काय केलं, किती वेळ? मी सांगत गेलो. त्याने डोळे मिटले होते.

"फिल्टर बदललंस, बरी झाली. हवेचो साफ केलंस, बरी झाली. वाटेत काय एक केलंस नाय, नुसतो थांबलंस, तरी बरी झाली. पांडग्या, दर वेळी तू दुरुस्त केलंस काय दर वेळी थांबलंस?"

मला ती गवताच्या भाऱ्याची बाई आठवली.

"तापली काय बिघडता, थंड झाली काय बरी होता," तो म्हणाला. "हवेच्या वाटेर असा काय आसा जा तापल्यार नरम पडता?"

बॉनेटखाली हवेच्या फिल्टरपासून इंजिनापर्यंत एक हातभर लांबीचा रबरी पाइप जातो. काळा, जाड, दिसायला उत्तम. इनासने मला त्यावर तळहात ठेवायला सांगितला. गाडी अजून तापलेलीच होती. तो स्वतः आत बसला, कारण पाय त्याचे थरथरत नव्हते. "आता मी दाबतंय. हात काढू नको."

त्याने पाय दाबला. माझ्या तळहाताखाली पाइप आत ओढला गेला. म्हातारा माणूस विडी ओढताना गाल आत जातात, तसा. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या आणि इंजिनाचा आवाज घुसमटला. त्याने पाय काढला, पाइप परत फुगून गोल झाला. जसं काही झालंच नाही.

"काय झाला?" त्याने आतून विचारलं.

मी हात तसाच ठेवला. त्याने परत दाबला. परत तेच. तो खाली उतरून आला, पाइपवर बोट ठेवलं, बोट हलत होतं.

"ह्यो माझो नाय. ह्यो कोणी घातलो?"

कोणीतरी घातला म्हणता आलं असतं. वेंगुर्ल्याच्या गॅरेजवाल्याने म्हणता आलं असतं. आका ऐकत होती, आणि रात्री तिला मीच सगळं सांगितलं होतं. पण ती काही बोलली नसती, हे मला माहीत आहे.

"मी," मी म्हणालो.

"बागेतलो?"

"व्हय. पंपाचो उरलेलो तुकडो."

"डिलिव्हरीचो?"

"व्हय."

आता हे बागायतीवाल्यांना सांगायला नको, पण मुंबईकरांसाठी सांगतो. विहिरीवर पंप बसवला की पाणी ओढायच्या बाजूला सक्शन पाइप लावतात. त्याच्यात तारेचं वेटोळं असतं, कितीही ओढ लागली तरी तो चिमत नाही. पाणी फेकायच्या बाजूला डिलिव्हरी पाइप, तो मऊ, आत तार नाही. ओढायच्या बाजूला डिलिव्हरी लावणारा माणूस आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वर्षभर चेष्टेला पुरतो. माझ्या बागेतल्या गड्याने एकदा अशी चूक केली तेव्हा मी त्याला चार माणसांत काय काय बोललो होतो. इंजीनही हवा ओढतंच. आणि मी त्याला मऊ पाइप लावला, क्लिपा आवळल्या, आणि मेस्त्रीला फोन करून म्हणालो तुझे हात म्हातारे झाले.

इनास हसेल असं वाटलं. तो बाकावर जाऊन बसला. "अडीच वाजले," म्हणाला. "पालखी कधी?"

"सूर्य बुडताना."

"मालवणात पायप गावतलो, पण आता दुपारची दुकाना बंद. तार लाव आत. पडवीत कुंपणाची तार आसा. मुसळ हाड आतसून."

मी आतून आणलेल्या मुसळाला तार गुंडाळून तिचं वेटोळं पाइपच्या आत घालायचं. तार जाड, माझं वय हे. एकेक वेटोळं पक्कडीने ओढून घट्ट घ्यायचं, दुसरं त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर. इनास सांगत होता, "जवळ घे. आणि जवळ. टोका बाहेर वळव, नायतर तार इंजिनात जायत आणि मगे खरीच वाट लागात." माझ्या तळव्याची सालं निघाली. एका जागी तार सुटून मनगटावर लागली. त्याने हात पुढे केला मदतीला, तार धरली, आणि हाताच्या थरथरीने सगळं वेटोळं सैल झालं. त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली घालून बसला. मी परत पहिल्यापासून गुंडाळलं.

गुंडाळता गुंडाळता मी म्हणालो, "इनास, मी हॉटेलात बसान बोललंय ता."

"ठावक आसा. माणसा हसली ती माका ऐकाक इली."

तेवढंच. पुढे तो तारेबद्दल बोलत राहिला.

साडेतीनला पाइप बसला. मी तळहात ठेवला, त्याने पाय दाबला. पाइप हलला नाही. इंजीन असं ओरडलं की फणसावरचे कावळे उडाले. आकाने खुर्चीतून हात जोडले, कुणाला ते विचारलं नाही.

"पैशे किती देऊ?" मी विचारलं.

"परत येताना सांगतंय," इनास म्हणाला. "आता धाव."

पारुळ्याची चढण आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. पुढे चिऱ्यांचा ट्रक. आका म्हणाली, "चढण इली काय रे?"

"इली."

मी तिसऱ्यावर पाय दाबला. पाइपच्या जागी मीच श्वास धरला होता. गाडीने ट्रकला मागे टाकलं, वळण घेतलं, सड्यावर आली. समोर सगळा पश्चिमेचा उजेड.

"आता?" आकाने विचारलं.

"गेली."

देवळापुढे उतरलो तेव्हा ढोल सुरू झाले होते. पालखी सभामंडपात सजून उभी होती. मी आकाचा दंड धरून गर्दीतून नेलं. तिला बाजूचं काहीच दिसत नाही, म्हणून लोक तिला अचानक येऊन धडकल्यासारखे वाटत होते. पण गाभाऱ्यासमोर उभी राहिली आणि मान जरा इकडे तिकडे केली, मग थांबली. देवी तिच्या नजरेच्या भोकात बरोबर आली असावी. ती कितीतरी वेळ हलली नाही. मागच्या बायका चुळबुळ करायला लागल्या तरी गावकरी (देवाचा मानकरी) तिला काही बोलला नाही.

ओटी भरली. गावकऱ्याने गाऱ्हाणं घालायला (देवीपुढे सर्वांच्या वतीने मागणं मांडायला) विचारलं, काय घालू? मला वाटलं डोळ्यांचं मागेल. आका म्हणाली, "मालवणात इनास म्हणान मेस्त्री आसा. त्याच्या हातांचा घाल."

गावकऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी हॉटेलात चहा प्यायला तोही होता. मग त्याने आवाज चढवला. बा देवी महाराजा, ही तुझी लेक आज तुझ्या दारात आली आहे, मालवणच्या इनास मेस्त्रीच्या हातांची पीडा दूर कर, आणि तिच्या भावाच्या तोंडातून काही वाकडं गेलं असेल तर ते पदरात घे. हे शेवटचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

चौथ्या दिवशी आकाला परत पोचवायला निघालो. वाटेत इनासकडे प्रसादाचा नारळ दिला. तोवर त्याने मालवणातून तारेचा पाइप आणवून ठेवला होता. मी बसवला, त्याने सांगितलं तसा. त्याच्या हातांना काही उतार नव्हता. कामाचं काय घेणार विचारलं तर म्हणाला, "तो जुनो पायप दी."

त्याने तो गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगायला सांगितला. खिळा मीच मारला. आता तिथे येणारा प्रत्येक जण विचारतो, गॅरेजात हा बागेतला पाइप कशाला? इनास सांगतो, कोणी लावला आणि तो काय बोलला होता. नाव घेऊन सांगतो. मी त्याला परवानगी दिली आहे.

मुंबईकरांनी मालवणला जाताना कोळंबला थांबावं. फणस लांबूनच दिसतो. पाइप बघावा, आणि त्याने हात केला तर हॉर्न द्यावा.